दोन मीटरची टेप

ती पोलादी आहे, पण कडक नाही. रुंदी जेमतेम ७ मिलिमीटर, लांबी दोन मीटर आणि अंगाने इतकी लवचीक की दंडाभोवती घेतली तर दंडाचा आकार धरते. शिंप्याच्या गळ्यातली कापडी टेप तिच्या नात्यातली नव्हे. ती मायाळू, वापरून वापरून सैलावते आणि कमरेत अर्धा इंच इकडेतिकडे झालाच तर शिवणीत सामावून घेते. या पोलादी बाईकडे शिवण नाही. बायसेप फुगवून, श्वास रोखून सतरा वर्षांचा मुलगा तिच्याकडे पाहत असतो आणि ती शांतपणे ३१.४ म्हणते. गेल्या खेपेलाही ३१.४ च होतं. त्याने मधले महिने जिमचे पैसे भरले, अंडी खाल्ली, आरशासमोर उभा राहिला, याचं तिला काही वाटत नाही.

तलावाच्या काठावरच्या एका खोलीत माझी तिची ओळख झाली. मी आकडे लिहून घेणारा. हे काम वाटतं तितकं बिनडोक नसतं. मोजणारा आकडा म्हणतो, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कागदावर उतरवायचा. कारण ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत तलावावरच्या गोंगाटात फार अंतर राहत नाही. शिवाय टेप आडवी आहे की मागून घसरली आहे हे लिहिणाऱ्यालाच दिसतं, मोजणाऱ्याला नाही. म्हणून तिच्या पाठीमागचं जग मला जास्त ठाऊक आहे.

तिचं शून्य अगदी टोकाला नसतं. आधी थोडी कोरी पट्टी, मग शून्य. कोरी पट्टी डाव्या हातात, डबी उजव्या हातात, आणि हात एकमेकांना ओलांडून टेप आपल्याच शेजारी येऊन बसते. शून्याच्या समोर जो आकडा येईल तो खरा. कातडीला टेकायचं, कातडी दाबायची नाही. घट्ट ओढली तर मांस दबतं, सैल सोडली तर हवा मोजली जाते. छातीचा घेर घ्यायचा तो साधा श्वास सोडून झाल्यावर. छाती भरून उभ्या राहिलेल्या पैलवानांना हा नियम फार अन्यायाचा वाटतो. डावखुरा असो की उजवा, माप उजव्या बाजूचं. प्रत्येक माप दोनदा, दोघांत तफावत जास्त निघाली तर तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळेनंतर मधला आकडा धरायचा. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानवमापन संस्थेने या सगळ्याची शिस्त घालून दिली आहे, आणि टेप ती शिस्त एखाद्या जुन्या मुख्याध्यापिकेच्या करारीपणाने पाळायला लावते.

वेळेचंही तिला सोवळं आहे. सकाळी उठलेला माणूस रात्री झोपायला जाणाऱ्या त्याच माणसापेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात. त्यामुळे जूनमध्ये सकाळी आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी उंची घेतली तर वाढत्या वयाचा पोरगा वाढलाच नाही असं कागद सांगू शकतो. आणि माप घ्यायचं ते पोहण्याआधी, कोरड्या अंगावर. ओल्या कातडीवर पेनने केलेल्या खुणा पुसल्या जातात, टेप सरकते, आणि तिला गंज चढायची भीती. पोहणाऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेला तरी पाण्याशी तिचं पटलेलं नाही.

पोहणाऱ्याच्या शरीरात तिला सगळ्यात जास्त रस आहे तो वावेत. मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायला लावायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. सर्वसाधारण माणसाची वाव उंचीच्या आसपास भरते; लिओनार्दोने १४९० च्या सुमारास वर्तुळात आणि चौकोनात उभा केलेला माणूस याच हिशेबावर उभा आहे. चांगल्या पोहणाऱ्यांत ती उंचीला मागे टाकून पुढे जाताना दिसते. मग बसलेली उंची, म्हणजे धड किती आणि पाय किती याचा निवाडा. मग दंड, कोपरापासून मनगट, छाती, मांडी, पोटरी. खांद्यांची रुंदी मोजायला मात्र ती चालत नाही, तिथे सरकत्या दांड्याचं दुसरं उपकरण येतं, आणि तेवढा वेळ ती टेबलावर रुसून पडल्यासारखी दिसते.

ही मापं पाण्यात कुठे लागतात? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा जोर मुख्यतः हातांचा. पाय जोर देतात, पण त्यांचं मोठं काम शरीर आडवं आणि वर धरून ठेवण्याचं. हात लांब असेल तर एका फेऱ्यात तो पाण्यातला लांबचा पल्ला पकडतो. धड लांब असेल तर आणखी एक फायदा: पृष्ठभागावरून जाणारी वस्तू जितकी लांब, तितकी ती स्वतःच उठवलेल्या लाटेत कमी अडकते, हे जहाजं बांधणाऱ्यांचं जुनं गणित. पण लांबीचा हिशेब इथे संपत नाही. लांब वल्हं ओढायला खांदाही तसाच लागतो, हे मालवणच्या होडीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हात जितका लांब तितका तळव्यावरचा पाण्याचा रेटा खांद्यावर जास्त ओढ घालतो. ती ओढ सोसायची ती पाठीवरच्या त्या रुंद स्नायूने, जो कमरेपासून निघून काखेखालून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. व्यायामशाळेतली पोरं त्याला ‘विंग्ज’ म्हणतात, पुस्तकं लॅटिसिमस डॉर्साय. सोबतीला छातीचा स्नायू आणि दंडामागचा ट्रायसेप्स. वेग वाढवायचा तर पाणी वेगाच्या वर्गाच्या पटीत आडवं येतं. १० टक्के जास्त वेगाला २१ टक्के जास्त विरोध, आणि तो तोडायला लागणारी शक्ती ३३ टक्क्यांनी जास्त. म्हणजे लांबी जन्मजात मिळाली तरी तिचं भाडं स्नायूंनी रोज भरायचं असतं.

आता मायकेल फेल्प्स. पोहण्यातल्या मापांवर बोलायचं आणि त्याचं नाव टाळायचं, हे जमत नाही. उंची १९३ सेंटिमीटर, वाव २०१. इथे टेपेची पंचाईत होते, कारण ती २०० वर संपते. इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी ऑलिंपिकपटूचं सगळ्यात गाजलेलं माप तिच्या आवाक्याबाहेर एका सेंटिमीटरने गेलं, आणि तो सेंटिमीटर भिंतीवर खूण करून मिळवावा लागेल. २०१ च्या त्या आकड्यावर मात्र जगभर लेख लिहिले गेले. लांब धड, त्या मानाने आखूड पाय, भलीमोठी पावलं. जणू कुणीतरी पोहण्यासाठी घडवून पाठवलेला देह. २३ सुवर्णपदकं पदरात पडल्यावर हे सगळं इतकं स्वच्छ दिसतं की तो अकरा वर्षांचा असताना त्याच बांध्याची किती मुलं शेजारच्या लेनमध्ये होती, हे विचारायचं राहून जातं.

टेपेला हा धंदा आवडत नाही असं मला वाटतं. तिला नंतर बोलावतात, विजेता ठरल्यावर, आणि तिने कारण दाखवून द्यावं अशी अपेक्षा करतात. १९९१ मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत तिला त्यातल्या त्यात सन्मानाने बोलावलं होतं. लिंडसे कार्टर आणि टिमोथी ॲकलंड या संशोधकांच्या तुकडीने पोहणारे, सूर मारणारे, वॉटरपोलो खेळणारे असे नऊशेहून अधिक खेळाडू तिथे मोजले आणि १९९४ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. तिथे फक्त पदकवाले मोजले नाहीत, हरलेलेही मोजले. कमी अंतराचे पोहणारे लांब अंतराच्या पोहणाऱ्यांपेक्षा उंच आणि वजनदार, प्रत्येक स्ट्रोकचा बांधा थोडा वेगळा, असे कल त्या आकड्यांतून दिसतात. कल दिसतात इतकंच. कारण त्याच दशकाच्या उंबरठ्यावर जॅनेट इव्हान्स नावाची मुलगी होती. उंची १६५ सेंटिमीटरच्या घरात, अंगावर मांस नाही, हात पाण्याबाहेर सरळ ठेवून पवनचक्कीगत फिरवायची. कुठल्याही प्रशिक्षकाने दुरुस्त करावी अशी ढब. १९८८ मध्ये सोलला तिने तीन सुवर्णपदकं घेतली. ४०० मीटर फ्रीस्टाइलला ४:०३.८५ चा विश्वविक्रम केला आणि तो २००६ पर्यंत टिकला. तिच्या मागे दुसरी आणि तिसरी आल्या त्या पूर्व जर्मनीच्या. ८०० मीटरचा १९८९ चा विक्रम तर २००८ पर्यंत राहिला. जपानचा कोसुके किताजिमा १७८ सेंटिमीटरचा. अथेन्स आणि बीजिंग, दोन्हीकडे ब्रेस्टस्ट्रोकची १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदकं त्याची. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अंग पाण्याला आडवं येण्याचे क्षण इतके असतात की ते कसे चोरावेत याची कला उंचीवर मात करते. टेप या दोघांची मापं तितक्याच निर्विकारपणे सांगेल. त्यावर लेख लिहायला मात्र कुणी तिच्याकडे येत नाही.

एका ठिकाणी तिला खरोखर बोलावंसं वाटत असेल. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कोल्हापूरचा वीरधवल खाडे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत चौथा आला, २२.४७ सेकंद, आणि ब्राँझ गेलं ते एक शतांश सेकंदाने. हाच खाडे २०१० मध्ये ग्वांगझौला ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ घेऊन आला होता, १९८६ च्या खजान सिंगनंतरचं भारताचं पोहण्यातलं पहिलं एशियाड पदक. २२.४७ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास. एका शतांशात सुमारे २.२ सेंटिमीटर. बोटाचं एक पेर. हे अंतर टेपेच्या भाषेतलं आहे, आणि मोह होतो म्हणायला की बोटं तेवढी लांब असती तर. पण बीजिंगमध्ये २००८ साली १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्सने मिलोराद चाविचला अशाच एका शतांशाने हरवलं, ५०.५८ विरुद्ध ५०.५९, तेव्हा ते २०१ सेंटिमीटर कामी आले नव्हते. शेवटच्या क्षणी चाविच हात पुढे करून भिंतीकडे घसरत गेला आणि मागे असलेल्या फेल्प्सने अर्धा स्ट्रोक आणखी मारला. भिंतीवरच्या पाटीला नुसतं बोट लागून चालत नाही, ती दाबावी लागते. तो अर्धा स्ट्रोक कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत मोजायचा?

खोलीत तिचा एक शेजारी असतो, पकड मोजणारं यंत्र, डायनॅमोमीटर. स्वभावाने अगदी उलट. टेपेला शांतता हवी, याला गर्दी. कोपर काटकोनात, दांडा मुठीत, आणि दाब म्हटलं की पोरं दात-ओठ खातात, डोळे मिटतात, मानेच्या शिरा वर येतात, मागची पोरं ‘जोर लगा’ करून ओरडतात आणि काटा ४१ वर जातो. लगेच दुसऱ्याला ४३ करायचे असतात. म्हणून ओरडायचं असेल तर प्रत्येकासाठी सारखंच ओरडा, नाहीतर कुणासाठीच नको, असा नियम करावा लागतो. टेपेपुढे जोर लावून काही वाढत नाही. याच्यापुढे मूड, झोप, कालचा गृहपाठ, सगळं वाढतं आणि घटतं.

गंमत अशी की पोहताना मूठ कुठेच वळत नाही. पोहणाऱ्याचा तळवा उघडा, बोटं सैल, जराशी विलग. मुठीची ताकद पाण्याच्या एका थेंबालाही लागत नाही. तरी किशोरवयीन पोहणाऱ्यांच्या अभ्यासांत पकड आणि छोट्या अंतराचा वेग हातात हात घालून जाताना दिसतात, कारण मूठ ही अंगातल्या एकूण बळाची खबर देते. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या माणसांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात भारतही होता; दुबळी पकड असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. पकड सुधारली म्हणून आयुष्य वाढतं असं त्यातून निघत नाही, तसंच हातात रबरी चेंडू दाबत बसून कुणाचा फ्रीस्टाइल सुधारत नाही. हे दुसरं मी पालकांना बरेचदा सांगितलं आहे. चेंडू तरी विकत घेतले जातात.

खरा जोर मोजायचा तर पाण्यात उतरावं लागतं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या भारमापकाला. पोहणारा तीसेक सेकंद जीव तोडून पोहतो आणि जागचा हलत नाही; पडद्यावर उजव्या-डाव्या हाताचे डोंगर उमटतात. एक डोंगर दुसऱ्यापेक्षा ठेंगणा दिसला की प्रशिक्षक मान हलवतो. इंडियाना विद्यापीठातले जेम्स कौन्सिलमन, ज्यांना सगळे ‘डॉक’ म्हणत, मार्क स्पिट्झचे गुरू, त्यांनी पाण्याखालून चित्रण करून हात नेमका कसा जातो हे पाहायला शिकवलं. १९६८ मध्ये त्यांचं पोहण्याच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं आणि १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. जमिनीवर जास्त वजन उचलणारा पाण्यात हटकून जिंकेल असं नाही, हे या अभ्यासांतून पुढे आलं. जोर पाण्याला लागू पडावा लागतो. शिवाय पोहण्याने खांदा आत वळवणारे स्नायू बेसुमार बळावतात, बाहेर वळवणारे मागे पडतात, आणि हजारो फेऱ्यांनंतर खांदा दुखायला लागतो. छातीचा घेर वाढतोय म्हणून खूश झालेल्या मुलाला हे कळेपर्यंत बर्फाची पिशवी हातात आलेली असते. टेप इथे गप्प. घेरात बळ किती आणि समतोल किती, हे तिला कळत नाही आणि कळल्याचा आव ती आणत नाही.

टेपेचं घराणं मात्र सोज्वळ नाही. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टनने मापनाची खोली थाटली. तीन पेन्स द्या आणि उंची, बसलेली उंची, वाव, फुंकर, मुठीचा दाब, ओढ, नजर मोजून घ्या. ९,३३७ लोकांनी मोजून घेतलं. आज पोहणाऱ्यांवर होणाऱ्या चाचण्यांतली निम्मी यादी तिथे तयार होती. हाच गॉल्टन माणसांची निवडक पैदास करावी असं म्हणणाऱ्या शास्त्राचा जनक. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये बर्तीयाँ गुन्हेगारांची वाव, बसलेली उंची आणि डावं पाऊल मोजून ओळखपत्रं बनवत होता. बोटांचे ठसे आले आणि त्याचा धंदा बसला. हिंदुस्थानात ब्रिटिश अधिकारी रिस्ली नाकं मोजून जातींची उतरंड लावत सुटला.

या घराण्यात एक मराठी बाई येते आणि तिथे मला जरा हायसं वाटतं. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजायला गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा. कवटीच्या असमानतेतून त्याला गोऱ्यांचं वरचढपण दाखवायचं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि आकडे त्याच्या बाजूने निघत नाहीत असं प्रबंधात लिहिलं. गुरूच्या घरात बसून आकड्यांना गुरूचं म्हणणं खोडू देणं, याला धैर्य लागतं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर १९५१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘युगान्त’च्या वाचकांना बहुधा ठाऊक नसतं की त्या लेखिकेने गावोगाव माणसं मोजलेली आहेत.

आणि मग पूर्व जर्मनी. १९७३ पासून तिथे शाळेतल्या मुलांची उंची-वजन-चपळाई मोजून खेळ वाटून देण्याची देशभर पद्धत बसवली गेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मुलींना पोहण्यात एकही सुवर्ण नव्हतं; १९७६ मध्ये माँट्रियलला १३ पैकी ११. अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने त्यांच्या खांद्यांवर आणि आवाजांवर बोट ठेवलं तर वर्तमानपत्रांनी तिलाच रडकी ठरवलं. बर्लिनची भिंत पडल्यावर कागद बाहेर आले: सरकारी योजनेखाली, बहुतेकींना न सांगता, स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या दिल्या जात होत्या. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयात क्रीडाखात्याचे बडे अधिकारी दोषी ठरले. त्या मुलींचे दंड आणि खांदे कुणीतरी वेळोवेळी मोजत होतं, कुणीतरी माझ्यासारखं आकडे लिहून घेत होतं. आकडे खरेच होते. मला त्या लिहिणाऱ्याचा विचार अधूनमधून येतो.

आपल्याकडे इतकं संघटित काही नाही, पण वयोगटांच्या स्पर्धा आहेत आणि पालक आहेत. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास. आधी पावलं, हात, पाय. धड मागून येतं. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. दोघं एकाच गटात पोहतात. पहिला जिंकतो, त्याला ‘नॅचरल टॅलेंट’ म्हणतात, त्याच्या आईला इतर आया आहाराबद्दल विचारतात. दुसरा सोळाव्या वर्षी त्याला गाठतो, पण तोपर्यंत पोहत राहिला तर. बहुतेकदा तो दहावीच्या क्लासला गेलेला असतो. या ठिकाणी टेपेचा खरा उपयोग आहे आणि नेमका तोच फारसा केला जात नाही. दर तीन महिन्यांनी उभी आणि बसलेली उंची नोंदवत गेलं तर कोण झेप घेतोय, कोणाची अजून बाकी आहे, याचा अंदाज येतो. २००२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्यासाठी सूत्रही दिलं. त्यात वर्षभराची चूक सहज निघते, तरी नुसत्या पदकांपेक्षा ते शहाणं. झेप घेणाऱ्या मुलाचा स्ट्रोक काही महिने बिघडतो, हात कालच्यापेक्षा लांब झालेले असतात आणि डोक्यात जुनेच असतात. तेव्हा त्याला ‘लक्ष नाही तुझं’ म्हणून फेऱ्या वाढवणारे सर मी पाहिले आहेत. उंचीचा तक्ता भिंतीवर होता.

“ओ सर, किती होईल याची उंची?” हा प्रश्न ठरलेला. वडील स्वतः पाच फूट सहा. सर चाणाक्ष असतील तर म्हणतात, “आज किती आहे ते सांगतो.”

मुलींच्या बाबतीत आणखी एक उपकरण येतं, कातडीची घडी पकडणारा चिमटा. दंडामागे, पाठीवर, पोटाजवळ. चरबीचा अंदाज. चरबी पाण्यात तरंगायला मदतही करते, आणि वयात येणाऱ्या मुलीच्या अंगावर ती यायचीच असते. मोजायला बाईच हवी, दार लावलेलं हवं, मुलीची आणि घरच्यांची संमती हवी. पण आकडा मोठ्याने परत म्हणायचा हा लिहिणाऱ्याचा नियम इथे माझ्या घशाशी येतो. बाहेर बाकावर तिच्या मैत्रिणी बसलेल्या असतात. त्यामुळे ती मापं मी लिहीत नाही, एक ताई लिहिते, आणि ती ओठांतल्या ओठांत म्हणते. शास्त्राचं यात काही बिघडत नाही. आकड्यांची यादी लॉकररूमच्या दाराला लावणाऱ्या प्रशिक्षकाकडून चिमटा काढून घ्यावा, या मताचा मी आहे.

टेप आणि स्नायूंचं बळ मिळून कुणाच्या नशिबाचा निकाल लावतात अशी जागा एकच, आणि ती पॅरा-जलतरणात आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण घेतलं, विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. फ्रीस्टाइल हातांवर चालतं हे मी वर लिहिलं. पेटकरांनी ते नुसत्या हातांवर पोहून दाखवलं. त्या काळी गट वैद्यकीय निदानावर पडत. पुढे शरीर काय करू शकतं यावर वर्ग ठरू लागले, एस-१ ते एस-१०. खेळाडूला टेबलावर झोपवून एकेका स्नायूला शून्य ते पाच गुण देतात. तपासणारा हाताने विरोध करतो, खेळाडू ढकलतो. अवयव तुटलेला असेल तर उरलेल्याची लांबी टेप सांगते. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या पद्धतीत एकूण गुण ३००, आणि २८५ च्या वर गेलात तर तुम्ही या स्पर्धेत बसतच नाही.

एक गुण इकडे आला की वर्ग बदलतो आणि पदकाच्या जवळचा माणूस आठव्या क्रमांकावर जातो. म्हणून या टेबलाभोवती संशय असतो, भांडणं असतात; मुद्दाम कमी जोर लावल्याचे आरोप होतात, कारण हाताने दिलेल्या विरोधाला फसवता येतं. टेपेला तसं फसवता येत नाही, त्यामुळे तिच्यावर आरोप कमी. तपासणी टेबलावर संपत नाही. खेळाडूला पाण्यात उतरवून बघतात, मग शर्यतीत बघतात. टेबलावरचं आणि पाण्यातलं जुळलं नाही तर आक्षेप नोंदवला जातो, नवीन माणसं बसतात आणि पहिल्यापासून सुरू होतं: झोपा, ढकला, धरून ठेवा, आणि आता जरा हात सरळ करा, माप घ्यायचंय.